इर्जिक पक्षाचं इंग्रजी नाव

सयाजींनी कांदाचाळीची खालची फळी काढली, कांद्याच्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि चाचपून एक नासका कांदा बाहेर ओढला. तो बोटांतच पिचकला. हात गोणपाटाला पुसून त्यांनी कांदा मागच्या पाटीत टाकला आणि मग समोरच्या पोरीकडं पाहिलं.

"वाच की. हात कामात हायेत, कान मोकळेच हायेत."

क्रेट उपडं घालून त्यावर बसलेली ती पोरगी म्हणजे चेतना, जुन्नरच्या दलीचंदशेठची नात. पुण्यात एका कॉलेजात शिकवायची. शेठ मागच्या वर्षी गेले. नंतर दुकानाच्या माळ्यावरची ट्रंक उघडली तेव्हा तिला एक पिवळं पडलेलं पत्रक सापडलं, पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या निवडणुकीचं. वर ठसठशीत अक्षरांत 'इर्जिक पक्ष', त्याखाली 'जुन्नर व आंबेगाव तालुका', आणि तळाला सरचिटणीस म्हणून सयाजींचं नाव. पत्रकावर नावं सात होती. त्यातली सहा माणसं आता राहिली नव्हती.

"लंडनला एक पुस्तक छापतायत, बाबा. जगातल्या लहान लहान पक्षांचं. एकदा-दोनदा लढले आणि विझले, असे. सहाशे पक्ष आहेत. आपल्याकडचे नऊ माझ्याकडं दिलेत."

"नवात आमी?"

"हो."

"आमच्यापत्तोर आले म्हंजे पार तळ खरवडला की त्यांनी."

चेतना हसली. मग पत्रकाचा प्लॅस्टिकचा कागद सरळ करत म्हणाली, "त्यांच्यात तीन महिने भांडण चाललंय. परदेशातल्या पक्षांची नावं इंग्रजीत भाषांतर करून छापायची, की मूळची तशीच ठेवायची? एक जण म्हणतो, नाव ते नाव. माणसाच्या नावाचं कुणी भाषांतर करत नाही, मग पक्षाच्या नावाचं कशाला? दुसरी बाई म्हणते, आम्ही काय करणार आहोत ते त्या लोकांनी नावातच सांगितलेलं असतं. ते वाचणाऱ्याला कळलंच नाही, तर नुसतं नाव छापून काय उपयोग?"

"मग काय ठरलं?"

"ठरलं काहीच नाही. ज्या पक्षातलं कुणी हयात असेल त्यालाच विचारा, असं सांगून मोकळे झाले. म्हणून आले मी. आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय."

"त्यात इचारायचं काय? ठेव तसंच. इर्जिक पक्ष. इंग्रजी अक्षरं घाल आन् दे धाडून."

"पण कळणार कुणाला, बाबा?"

"नको कळू दे. काँग्रेसचं आपन कवा मराठी केलं? माझा बाप अंगठाबहाद्दर, त्यो बी काँग्रेसच म्हनायचा. रानात नवं गवत उगवलं, तर त्याला बी काँग्रेसच म्हनाला. कुठं अडलं त्याचं?"

बोलताना सयाजींचा हात भराभर चालला होता. चांगले कांदेसुद्धा पाटीत पडत होते. चेतनाच्या ते ध्यानात आलं नाही. चहाची कपबशी घेऊन आलेल्या सयाजींच्या बायकोच्या, सरूबाईंच्या आलं. त्यांनी पाटीतला एक धड कांदा उचलून परत ढिगावर ठेवला.

"घे पोरी. आन् ह्यो गूळ. कांद्याचा वास सोसंल ना? तुझा आजा यायचा तवा पार तिकडं वाऱ्याच्या अंगाला बसायचा. कांद्याच्या गावात यायचा आन् गूळ-भाकर खायचा."

"आई म्हणालीच, लोणी गावी गेलीस तर गूळ मिळेल."

"तुझी आई शानी हाय."

चेतनानं गुळाचा खडा तोंडात टाकला आणि वही उघडली. "मी एक भाषांतर करून बघितलंय. इंग्रजीत जरा लांब होतं, पण मराठीत सांगायचं तर असं. 'एकमेकांच्या रानात मिळून नांगर धरणाऱ्यांचा पक्ष.' बरोबर आहे ना?"

सयाजींचा हात ढिगातच राहिला.

"बराबर हाय," ते म्हणाले. "पन नको. तसंच ठेव."

"का पण?"

"म्हनलं ना, नको."

चेतना जरा हिरमुसली. मग तिनं वहीतून एक फोटो काढला. काळा-पांढरा, कडा मुडपलेला. बाजारपेठेतल्या रस्त्यावर बैलांच्या जोड्या, शिंगांना फुगे, मागं औतं, औतांच्या रुमण्यांवर कागदी झेंडे. सगळ्यांत पुढं फेटा बांधलेले तरुण सयाजी.

"हा ट्रंकेतच होता. पानावर नावाच्या खाली हा टाकतायत. मी लिहून दिलंय, 'इर्जिकीला निघालेले पक्षाचे लोक.'"

सरूबाईंनी फोटो हातात घेतला. डोळ्यांपासून लांब धरून पाहिला.

"कुठं निघालेत म्हनालीस?"

"रानात. इर्जिकीला... ना?"

सरूबाईंनी फोटो परत दिला. "त्यांना इचार," एवढं बोलून रिकामी बशी घेऊन त्या घरात गेल्या.

सयाजींनी चाळीची फळी परत बसवली. फळीला टेकून ते खाली बसले आणि पायांजवळची टरफलं वेचू लागले.

पक्षाचं नाव सयाजींनीच सुचवलं होतं. त्या काळी गावोगाव इर्जिक असायची. एखाद्याचं रान मोठं, नाहीतर घरातला कर्ता माणूस आजारी, की सगळ्या गावाची औतं एका दिवसात त्याच्या रानात फिरायची. मजुरी नाही. ज्याचं रान त्यानं माणसांना जेवू घालायचं, बस्स. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. तालुक्याच्या राजकारणात दोन घराणी आलटून पालटून बसायची, त्यांना कंटाळलेल्या सात जणांनी दलीचंदशेठच्या दुकानाच्या पायरीवर पक्ष काढला, तेव्हा सयाजी म्हणाले, आपल्याला दुसरं येतं तरी काय? इर्जिकच येते. नाव तेच ठेवा.

सातांतला गोकुळ हा सयाजींचा जोडीदार. बांधाला बांध लागून. प्रचाराहून येताना जीप ओढ्यात उलटली आणि गोकुळ जागच्या जागी गेला. दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. ऊन डोक्यावर आलं. पोरांना सांभाळू म्हणून झालं, म्हातारीला अंतर देणार नाही म्हणून झालं. कावळा आपला बाभळीवर बसून. शेवटी सयाजी पुढं झाले, हात जोडून म्हणाले, "गोकुळ, तुझं रान पडीक राहनार न्हाई. यंदाची पहिली इर्जिक तुझ्या रानात." ते दोन पावलं मागं सरतात तोच कावळा उतरला आणि पिंडाला शिवला. सगळ्या गावानं पाहिलं. गोकुळची बायको भागू मांडीवर दीड वर्षाचं पोर घेऊन बसली होती, तिनंही पाहिलं.

हस्ताचा पाऊस पडून गेला आणि रानाला वाफसा आला, ओल जिरून जमीन पेरणीजोगी झाली. इर्जिक शुक्रवारी ठरली. गुरुवारी दुपारी जुन्नराहून निरोप आला, मुंबईचे मोठे पुढारी उद्या येतायत, पाठिंबा जाहीर करणार आहेत, औतांची मिरवणूक काढा. सयाजींनी विचार करायला फार वेळ घेतला नाही. शुक्रवारी जुन्नर, शनिवारी रान. एका दिवसानं काय बिघडतंय? तीन ट्रक बोलावले, बैल चढवले. जुन्नरला पोचल्यावर दलीचंदशेठ एकटेच म्हणाले, "सयाजी, पाटी दुकानावर लावतात. पण माल आत असावा लागतो." सयाजी हसले होते.

मिरवणूक अशी झाली की जुन्नरनं तसली पाहिली नव्हती. शुक्रवारी रात्री आभाळ भरून आलं, आणि पंधरा दिवस रानात पाय घालता आला नाही. भागूच्या रानात उशिरा पेरलं ते कणसात भरलंच नाही. सयाजी त्या मिरवणुकीच्या जोरावर साडेतीनशे मतांनी पंचायत समितीवर निवडून आले.

भागू भांडायला आली नाही. वाटेत दिसली तर पदर सावरून बाजूला व्हायची. पाच वर्षं नारायणगावला लोकांच्या मळ्यांत कामाला गेली, पोरं वाढवली, परत आली. सयाजींच्या अंगणात मात्र तिनं पुन्हा पाऊल ठेवलं नाही. पक्ष दुसऱ्या एका पक्षात विरला, तो आणखी कशात तरी. अधूनमधून पारावर कुणी म्हणायचं, "काय ते दिवस, इर्जिक पक्षाचे!" आणि सगळ्यांना मिरवणूक आठवायची. सयाजींना ते बरं वाटायचं. नुसतं नाव घेतलं की मिरवणूक आठवते. अर्थ सांगितला, की मग रान आठवणार.

आणि आता त्या शुक्रवारचाच फोटो सातासमुद्रापार छापून येणार होता, इर्जिक म्हणून.

ते गुडघ्यांवर हात रोवून उठले.

"चल."

"कुठं?"

"हे ठरवायचा हक्क माझा न्हाई. जिचा हाय तिला इचारू."

ओट्यावरून सरूबाईंनी त्यांना फाटकाकडं जाताना पाहिलं. "उसाच्या कडंनं जाऊ नका," त्या ओरडल्या. "परवाच बिबट्या दिसलाय." कुठं चाललात, हे त्यांनी विचारलं नाही.

भागूबाईंचं घर ओढ्यापलीकडं, रानातच. अंगणात त्या सुपात शाळूचं बियाणं पाखडत बसल्या होत्या. पिशवीतलं बियाणं आणायला त्या अजून राजी नव्हत्या, घरचं राखलेलं पेरायच्या. सयाजी अंगणाच्या कडेला थबकले. सुपाचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

"या पावणं. वाट चुकला जनू."

"चुकलो न्हाई. आलोय."

"मग बसा. पोरगी कोन?"

"दलीचंदशेठची नात. चेतना."

"शेठची व्हय?" भागूबाईंचा चेहरा निवळला. "बस गं बाई. शेठनं माझ्या थोरल्याला सातवीपत्तोर वह्या दिल्या. कुनाला सांगू नको म्हनायचा. आता सांगते, आता त्यो कुठं येतोय भांडायला."

चेतना खाली पोत्यावर बसली. सयाजी दगडावर टेकले. चेतनानं पुस्तकाचं सांगितलं, भांडणाचं सांगितलं, आपलं भाषांतर वाचून दाखवलं आणि नावाचं काय करायचं ते विचारलं. भागूबाई मान न उचलता ऐकत होत्या. मग तिनं फोटो पुढं केला, तेव्हा सयाजींनी हात आडवा केला.

"त्याचं मी सांगतो. पोरी, ह्या फोटोत कुनी इर्जिकीला निघालेलं न्हाई. ही जुन्नरची मिरवनूक हाय. त्या दिशी ही सगळी औतं हितं पायजे व्हती, ह्या रानात. मी शब्द दिला व्हता, गोकुळच्या पिंडाम्होरं. कावळ्यानं ऐकला. मी औतं जुन्नरला नेली. मग पाऊस लागला. रान गेलं."

चेतनाचा हात फोटोसकट मांडीवर आला. ती एकदा सयाजींकडं आणि एकदा म्हातारीकडं बघत राहिली. सुपातली ज्वारी वर उडत होती आणि खाली येत होती.

"झालं?" भागूबाईंनी विचारलं.

"झालं."

"कुठं झालं? सैपाकाचं ऱ्हायलं की."

सयाजींनी वर पाहिलं. "सैपाक?"

"इर्जिक म्हनल्यावर सैपाक नको? चाळीस मानसांचा व्हता. मला कोन सांगायला आलं व्हतं, इर्जिक उद्यावर गेली म्हनून?"

"भरतला सांगितलं व्हतं..." सयाजी बोलता बोलता थांबले. सांगितलं होतं का? सातांतल्या भरतला वाटलं सातांतलाच सोमाजी सांगेल, सोमाजीला वाटलं सयाजीनं स्वतःच सांगितलं असेल. ट्रकात बैल चढवायच्या गडबडीत कोण कुणाला विचारतंय. एवढ्या वर्षांत हा प्रश्न त्यांच्या मनात एकदाही आला नव्हता. रान गेल्याचं ते जाणून होते. दिवसभर कुणी वाट बघत बसलं असेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"तीन चुली पेटवल्या पहाटं," भागूबाई चेतनाला सांगू लागल्या. आवाजात राग नव्हता. लग्नाकार्याची हकीकत सांगावी तसं त्या सांगत होत्या. "एकीवर आमटी, दोन्हीवर भाकरी. मी आन् सरू."

"सरू?" सयाजी म्हणाले.

"मग? माझ्या माहेरची ती, दुसरी कोन येनार? तिला तरी कुठं ठाव व्हतं. तुमी राती आला न्हाई, तिला वाटलं, बैल घिऊन पहाटं परस्पर रानात येनार. भाकरीची चवड कंबरंएवढी झाली. आमी दोघी बांधावर जाऊन हुबं ऱ्हायलो. घटकाभरानं परत येऊन आमटीखालचा जाळ कमी केला. परत गेलो. ऊन उतरलं तवा ती उठली. माझ्या पाया पडली आन् गेली." सूप मांडीवर थांबलं. "पुन्यांदा आली न्हाई. मी कवा तिला येऊ नको म्हनलं न्हवतं."

सयाजी हाताच्या तळव्याकडं बघत होते. त्याला अजून कांद्याचा चिकटा होता. पंचेचाळीस वर्षं ज्या बाईच्या हातची भाकर खाल्ली, तिनं त्यातलं एक अक्षर काढलं नव्हतं. शनिवारी चिखलातून ते घरी आले तेव्हा तिनं न बोलता पाय धुवायला पाणी दिलं होतं. निवडून आले तेव्हा ओवाळायला ती पुढं आली नाही, डोकं दुखतंय म्हणाली.

"तिनं मला सांगितलं न्हाई," ते म्हणाले.

"तुमी कुठं इचारलं?"

ओढ्यापलीकडून कुठल्याशा ट्रॅक्टरवरचं गाणं आलं आणि लांब गेलं. चेतनानं पेन उघडलं, मिटलं.

"आजी, नाव तसंच ठेवते मी," ती हळू आवाजात म्हणाली. "नकोच ते भाषांतर."

"थांब. मघाशी काय वाचलंस ते परत सांग."

"एकमेकांच्या रानात मिळून नांगर धरणाऱ्यांचा पक्ष."

भागूबाईंनी ते ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं.

"अर्थच लिव्ह."

"वहिनी," सयाजी म्हणाले, "खोटं व्हईल ते."

"खोटे तुमी पडलात. इर्जिक कशी खोटी पडंल? माझा बाप, माझा सासरा, सगळे तेच करून मेले." त्या पुन्हा पाखडायला लागल्या. "तिकडं कुठल्या मुलखात कोन तरी वाचंल. वाचून एकांदा खरंच जाईल बी कुनाच्या रानात. नुसतं नाव वाचून कोन जानार हाय?"

चेतनानं वहीत लिहून घेतलं. मग फोटो उचलला. "हा मात्र काढून टाकते."

"बघू." भागूबाईंनी फोटो हातात घेतला आणि नखानं एक जागा दाखवली. "ऱ्हाऊ दे. ही डाव्या अंगाची जोडी आमची. दिराकडं व्हती तवा. ह्यांनी पोरासारखी वाढवलेली. दुसरा फोटो न्हाई त्या बैलांचा."

"मग खाली काय लिहू?"

ती सयाजींकडं बघत होती. सयाजींनी घसा साफ केला.

"जुन्नरातली मिरवनूक, एवढंच लिव्ह. आन् तारीख घाल."

"तारीख पत्रकावर नाहीये, बाबा."

सयाजींनी तारीख सांगितली, महिना सांगितला, साल सांगितलं, हस्ताचा कितवा दिवस ते सांगितलं. एकदाही थांबून आठवावं लागलं नाही. भागूबाई सुपाकडं बघतच म्हणाल्या, "तीच."

चेतना उठून फोनवर संपादकांना कळवायला रस्त्याकडं गेली. ओढ्याच्या खळग्यात रेंज नव्हती. अंगणात दोघंच राहिले. सयाजींना काही बोलायचं होतं. माफी या शब्दाशी ते दोनदा आले आणि दोनदा मागं फिरले. सुपातून एक खडा निघाला, तो भागूबाईंनी अंगणाबाहेर भिरकावला.

"वाफसा आला का?" शेवटी सयाजींनी विचारलं.

"आला की. उद्या पेरायचंय. मशीनवाला सांगितलाय."

"किती वाजता?"

"सातला. का हो?"

"येतो मी."

भागूबाईंनी पहिल्यांदाच त्यांच्या तोंडाकडं नीट पाहिलं. पंच्याहत्तरीचा माणूस, वाकलेला, हाताला कांद्याची टरफलं चिकटलेली.

"येऊन काय करनार? मशीनच्या मागं मानूस लागत न्हाई आता. तासाभरात पेरून जातंय."

"बांधावर हुबा ऱ्हातो."

सयाजी धोतर झटकून उठले आणि चालू लागले. ओढ्याच्या उताराला लागले असतील, तेवढ्यात मागून हाक आली.

"अवो!"

ते वळले. भागूबाई अंगणाच्या कडेपर्यंत आल्या होत्या, एका हाताला सूप, दुसरा हात डोळ्यांवर.

"येताना सरूला आना."